समुद्री गोगलगायीच्या विषाचं औषध आणि सुमनताईंची वेदना : नाशिकमधलं एक प्रकरण

हे प्रकरण नाशिकमधल्या एका वेदना व उपशामक उपचार विभागातलं आहे. रुग्णाचं नाव बदललं आहे, कुटुंबाची ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. लिहिण्याला घरच्यांची संमती आहे. औषधांचे उल्लेख या एका रुग्णापुरते आहेत, ते पाहून कुणी घरी डोस ठरवू नये.

पार्श्वभूमी

सुमनताई, वय ५४, दिंडोरी तालुक्यातल्या. घरची द्राक्षबाग. तीन वर्षांपूर्वी गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला. रेडिएशन आणि केमो झालं आणि दोन वर्षं बरी गेली. मग ओटीपोटात गाठ पुन्हा आली, तीही मागच्या बाजूला. डाव्या पायाकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा जिथे असतो, नेमकी तिथे. त्याच गाठीने डावी मूत्रवाहिनीही दाबली, म्हणून ती उघडी ठेवणारी नळी, म्हणजे स्टेंट, टाकावा लागला. दुसऱ्यांदा सुरू केलेली केमो त्यांना सोसली नाही, ती थांबवली.

आमच्याकडे आल्या तेव्हा नोव्हेंबर होता. बागेत थिनिंगची, म्हणजे घडांच्या विरळणीची, घाई चालू होती, तरी मुलगा, सून आणि थोरले दीर असे तिघेही सोबत आले होते. ताई खुर्चीत उजव्या कुशीवर भार टाकून तिरक्या बसल्या होत्या. डाव्या ढुंगणापासून मांडीच्या मागून पावलापर्यंत आग होते आणि मधूनच करंट लागल्यासारखी कळ जाते, असं त्या म्हणाल्या. साडीचा काठ पोटरीला लागला तरी सहन होत नाही, म्हणून डाव्या पायावरचं लुगडं सून हाताने धरून होती. बोलत असताना तिने एकदाही तो काठ सोडला नाही.

दुखणं दहापैकी किती, असं विचारल्यावर ताईंनी नऊ सांगितलं. रात्री लोडाला टेकून, बसूनच झोप, तीही तुटक. आणि औषध काय चालू होतं? ट्रॅमाडॉलची कॅप्सूल, 'फार दुखलं की' घ्यायची. शिवाय गावातून आणलेली डायक्लोफिनॅक. स्टेंट असलेल्या, क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे मूत्रपिंड आधीच थकलेल्या बाईला मूत्रपिंडाला जड जाणारी डायक्लोफिनॅक! ती गोळी त्याच मिनिटाला बंद केली.

प्रश्न काय होता

मुलगा अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. शिकलेला, आईसाठी जिवाचं रान करणारा. त्याने मोबाईल टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, हे औषध आईला मिळेल का?"

फिरत फिरत आलेला मराठी मजकूर होता. समुद्रातल्या एका गोगलगायीच्या विषापासून वेदनेवर औषध तयार झालं आहे, ते मॉर्फिनपेक्षा हजारपट ताकदवान आहे आणि त्याची सवय लागत नाही, असा. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण त्याच मजकुरातल्या नंबरवर मुलाने फोन केला होता. पलीकडचा माणूस जिभेखाली ठेवायची पावडर कुरिअरने पाठवायला तयार होता, निम्मे पैसे आधी. मुलाने त्यासाठी द्राक्षाच्या व्यापाऱ्याकडून उचल घ्यायचं ठरवलं होतं. माल मार्चमध्ये निघणार, उचल आत्ता. पैसे दुसऱ्या दिवशी पाठवायचे होते.

म्हणजे समोर दोन गोष्टी होत्या. एक, असह्य वेदना, जिच्यावर उपचार जवळजवळ झालेच नव्हते. दुसरी, एक खरं औषध, ज्याच्या नावावर खोटा माल विकला जात होता.

पहिला निर्णय : उत्तर द्यायचं की झटकायचं

ओपीडीच्या गर्दीत "असल्या मेसेजवर विश्वास ठेवू नका" एवढं म्हणून पुढचा केसपेपर ओढणं सोपं असतं. आमच्या नर्सने ठामपणे सांगितलं की तसं करू नये, आणि तिचं बरोबर होतं. मजकुरातला मूळ भाग खरा आहे. तो आपण खोटा ठरवला आणि मुलाने रात्री इंटरनेटवर शोधलं, तर त्याला औषधाचं नाव, मंजुरीचं वर्ष, सगळं सापडणार. मग पावडरवाला खरा आणि डॉक्टर अडाणी, असं त्याला वाटणार. त्यामुळे ताईंना वेदनाशामकाचा पहिला डोस देऊन पलंगावर झोपवलं आणि घरच्यांना दुपारी ओपीडी संपल्यावर पुन्हा बसवलं. पैसे तोवर पाठवू नका, एवढंच वचन घेतलं.

दुपारी जे सांगितलं ते थोडं विस्ताराने लिहिते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे राहिले.

औषधाची खरी गोष्ट

कोनस नावाच्या समुद्री गोगलगायी उष्ण समुद्रांत राहतात. आपल्याकडे मन्नारच्या आखातात, लक्षद्वीपला, अंदमानला सापडतात. शंख देखणा, शंकूच्या आकाराचा. चाल मंद, पण शिकार अचूक. पोकळ, काट्यासारखा दात सोंडेतून भक्ष्यात खुपसून विष सोडतात. काही जाती किडे खातात, काही इतर गोगलगायी, तर काही मासे. मासा काही क्षणांत लुळा पडतो. मासे खाणाऱ्या 'कोनस जिओग्राफस'च्या दंशाने माणसं दगावली आहेत आणि त्यावर प्रतिविष नाही. किनाऱ्यावर जिवंत कोनस दिसला तर हातात घेऊ नये, हे मुलांना जरूर सांगावं.

विषात एकच द्रव्य नसतं. छोट्या छोट्या पेप्टाइडांचं, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्यांचं, ते मिश्रण असतं आणि प्रत्येक पेप्टाइड मज्जासंस्थेतली एखादी नेमकी जागा पकडतं. फिलिपिन्सचे बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांनी १९७० च्या दशकात मनिलात, हाताशी फारशी यंत्रसामग्री नसताना, लूर्डस क्रूझ यांच्यासोबत या विषाचा अभ्यास सुरू केला. पुढे अमेरिकेत युटा विद्यापीठात त्यांच्या प्रयोगशाळेत मायकेल मॅकिंटॉश नावाच्या विद्यार्थ्याने 'कोनस मॅगस' या जातीच्या विषातून एक पेप्टाइड वेगळं काढलं. २५ अमिनो आम्लांची साखळी, तीन गंधक-बंधांनी घट्ट गुंडाळलेली. तेच पुढे प्रयोगशाळेत जसंच्या तसं बनवलं गेलं. त्याचं नाव झिकोनोटाइड, बाजारातलं नाव प्रिआल्ट. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. आपल्याकडेही बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले पी. बलराम आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे के. एस. कृष्णन यांनी भारतीय किनाऱ्यावरच्या कोनसच्या पेप्टाइडांवर काम केलं आहे. हे ऐकून मुलगा खुर्चीत पुढे सरकून बसला.

ते काम कसं करतं? पायाकडून आलेली वेदनेची नस मज्जारज्जूत संपते. तिथे पुढच्या पेशीला निरोप द्यायचा तर नसेच्या टोकात कॅल्शियम शिरावं लागतं. ज्या दारातून ते शिरतं त्याला एन-प्रकारचं कॅल्शियम चॅनेल म्हणतात. घरात सगळे शेतकरी, म्हणून पाटाच्या चारीचं गेट डोळ्यांपुढे आणा म्हटलं. गेट पडलं की वरून कितीही पाणी आलं तरी वावरात उतरत नाही. झिकोनोटाइड थेट त्या गेटवर जाऊन बसतं.

मग प्रश्न सुरू झाले. ते चांगले होते.

जिभेखाली का नाही? कारण हे पेप्टाइड आहे. पोटात गेलं तर पचून जातं, आणि रक्तात गेलं तर मेंदू-मज्जारज्जूभोवतीची आड ओलांडत नाही, उलट रक्तदाब पाडतं. त्यामुळे ते फक्त मणक्यातल्या पाण्यात, बारीक नळी आणि पंप बसवून, सतत थेंबाथेंबाने द्यावं लागतं. सुरुवातीचा डोस दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम, कमाल १९.२. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन-अडीच. कुरिअरने आलेली पावडर चिमटीने मोजायचा इथे संबंधच येत नाही.

हजारपट ताकदवान म्हणजे? एवढ्याशा वजनात परिणाम होतो, असा त्याचा अर्थ. वेदना हजारपट कमी होते असा नव्हे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कर्करोग आणि एड्सचे १११ रुग्ण होते. औषध मिळालेल्यांची वेदना सरासरी ५३ टक्क्यांनी उतरली, नुसतं पाणी मिळालेल्यांची १८ टक्क्यांनी. ज्यांना दुसरं काहीच लागू पडत नव्हतं त्यांच्यासाठी हे फार मोठं आहे. पण त्याच चाचण्यांत डोस भराभर वाढवल्यावर चक्कर, गोंधळ, चालताना तोल जाणं, विस्मरण असे त्रासही पुष्कळ दिसले. म्हणून नंतर तो हळूहळू, आठवड्यांच्या हिशेबाने वाढवायचा असं ठरलं.

थोरले दीर तोवर गप्प होते. त्यांनी विचारलं, "शंखभस्म दिलं तर? तेही शंखाचंच." शंखभस्म म्हणजे भाजून राख केलेलं कवच, त्यात कॅल्शियमचा क्षार असतो. विष असतं गोगलगायीच्या आतल्या ग्रंथीत, कवचात ते नसतंच, आणि असतं तरी भट्टीत टिकलं नसतं. त्यांना हे पटलं. बागेत पावसाळ्यात येणाऱ्या गोगलगायींतही हे विष नसतं, हेही त्यांनी विचारण्याआधीच मी सांगून टाकलं. कुणीतरी कधीतरी करून पाहील ही भीती असतेच.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय झिकोनोटाइडचाच. भारतात ते औषधाच्या दुकानात मिळत नाही. वैयक्तिक वापरासाठी औषध आयात करण्याची सोय कायद्यात आहे, डॉक्टरांची चिठ्ठी लावून अर्ज करून परवाना घ्यावा लागतो. मुलगा त्यासाठी धावायला तयार होता. पण औषध आल्यावर पंप बसवायचा, तो भरत राहायचा, डोस आठवड्यागणिक वाढवायचा. आणि या औषधावर ठळक चौकटीत इशारा आहे की गंभीर मानसिक लक्षणं आणि मेंदूच्या कामात बिघाड होऊ शकतो. पूर्वी मनोविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना ते देऊच नये.

दुसरा पर्याय मॉर्फिन, तोंडाने, घड्याळ लावून, सोबत नसांच्या दुखण्याचं औषध. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर जगभर हाच पाया आहे. इथे अडचण होती मूत्रपिंडाची, कारण मॉर्फिनचे उरलेले घटक लघवीतूनच बाहेर पडतात.

तिसरा, मणक्यातल्या पाण्यात नळी टाकून मॉर्फिन. नाशिकमध्ये करता येण्यासारखं, पण पहिल्या पायरीला कुणी सुई हातात घेत नाही. ओटीपोटाच्या नसांच्या गुंत्यावर औषध सोडून तो बधिर करायचा ब्लॉकही असतो. तो आतड्या-गर्भाशयाकडच्या दुखण्याला जास्त उपयोगी, पायात जाणाऱ्या कळेला कमी.

चौथा, डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड. गाठीभोवतीची सूज उतरली की नसेवरचा दाब हलका होतो. अशा रुग्णांत ते आम्ही बरेचदा वापरतो.

पुन्हा रेडिएशनचा विचार कर्करोगतज्ज्ञांनी आधीच केला होता. त्या भागाला पूर्वीच पूर्ण मात्रा मिळाली असल्याने त्यांनी नको म्हटलं.

दुसरा निर्णय : ताईंशी एकटीने बोलणं

झिकोनोटाइड कागदावर तरी तपासायचं तर मनोविकाराचा इतिहास विचारायला हवा होता. मुलगा लगेच म्हणाला, "छे, आमच्या घरात तसलं काही नाही." तरी सगळ्यांना बाहेर थांबवून नर्स आणि मी ताईंजवळ बसलो.

थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "थोरल्याच्या बाळंतपणानंतर मला कुणीतरी बोलतंय असं ऐकू यायचं. बाळाला उचलून न्यायला आलेत असं वाटायचं. आधी देवाधर्माचं केलं, मग ह्यांनी नाशिकला आणलं. वर्षभर गोळ्या खाल्ल्या." नवऱ्याला माहीत होतं, तो आता नव्हता. मुलांना कधी सांगितलं नव्हतं.

बाळंतपणानंतरचा मनोविकार. झिकोनोटाइडचा पर्याय तिथेच संपला. पण या माहितीचं मोल त्याहून मोठं होतं. स्टिरॉइडनेही मन बिघडू शकतं. मॉर्फिनने भास झाले तर जुना आजार उलटला की औषधाचा परिणाम आहे, हे ओळखावं लागणार होतं. ज्या औषधाची बाटली आम्ही कधी हातातही धरली नाही, त्याच्या चौकशीने ताईंच्या बाकीच्या उपचारांचा पाया सुरक्षित झाला.

आता मुलाला काय सांगायचं? ही ताईंची खासगी गोष्ट होती. पंप, आठवडे, आयात ही कारणं खरी होती आणि नकार द्यायला पुरेशी होती, तेवढीच त्याला सांगितली. पण घरी भासांवर लक्ष ठेवणारं कुणीतरी हवं होतं. ताईंना विचारलं, कुणाला सांगितलेलं चालेल? त्यांनी मुलाचं नाव न घेता सुनेचं घेतलं. "ती बोभाटा करणार नाही," म्हणाल्या.

काय केलं

मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला त्याच दिवशी फोनवर घेतला. स्टिरॉइड सध्या बाजूला ठेवायचं ठरलं. मॉर्फिन ५ मिलिग्रॅम, एरवी दर चार तासांनी देतो, इथे मूत्रपिंडासाठी दर सहा तासांनी. सोबत बद्धकोष्ठाचं औषध पहिल्या दिवसापासून. नसांच्या दुखण्यासाठी रात्री प्रेगाबालिनचा लहान डोस. मळमळीसाठी हॅलोपेरिडॉल, अगदी थोडं. मॉर्फिनच्या सुरुवातीला मळमळीवर ते चालतंच आणि मनोविकारावरही तेच औषध, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना ते पसंत पडलं.

मुलाचा चेहरा पडला होता. परदेशातलं औषध मागायला आलेल्याला आपण 'जुनंच' देतोय, असं त्याला वाटत होतं. त्याला मी पुन्हा त्या गेटपाशी नेलं, कारण इथे शास्त्र खरोखर सुंदर आहे. मॉर्फिन नसेच्या टोकावरच्या स्वतःच्या जागी बसतं आणि आतून त्याच एन-प्रकारच्या कॅल्शियम चॅनेलचं काम मंदावतं. प्रेगाबालिन अशाच चॅनेलांच्या एका जोडभागाला चिकटतं. म्हणजे गोगलगायीने ज्या गेटचा पत्ता दाखवला, तिथेच ही दोन औषधंही दुसऱ्या बाजूंनी जोर लावतात. फरक असा की मॉर्फिन आधी दुसरं बटण दाबून तिथे पोचतं, त्यामुळे काळाने डोस वाढवावा लागतो. झिकोनोटाइड मधलं बटण गाळून थेट जातं, म्हणून तसं होत नाही.

तो बराच वेळ कागदावरची माझी रेघोट्यांची आकृती बघत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हणजे आईला त्याच ठिकाणी औषध लागतंय." हो, त्याच ठिकाणी.

पावडरवाल्याला त्याने संध्याकाळी फोन करून उत्पादकाचं नाव, बॅच नंबर आणि औषध परवाना मागितला. त्यानंतर तो नंबर लागला नाही.

अडथळा

चौथ्या दिवशी नर्सने फोन केला तेव्हा ताई पुन्हा कण्हत होत्या. गोळ्या संपायला हव्या तेवढ्या संपल्या नव्हत्या. थोरल्या दिरांनी पाकीट स्वतःच्या कपाटात ठेवलं होतं आणि अगदी ओरडल्या की एक काढून देत होते. ते वाईट माणूस नव्हेत. गावात कुणीतरी सांगितलं होतं की मॉर्फिन म्हणजे शेवटचं औषध, ते सुरू झालं की माणूस संपला. शिवाय 'गर्द'ची भीती.

ही भीती आपल्याकडे मुरलेली आहे आणि तिला कायद्याचाही हातभार लागला. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यानंतर मॉर्फिन ठेवायचं तर इतके परवाने लागत की बहुतेक रुग्णालयांनी नादच सोडला. २०१४ च्या दुरुस्तीने ते सोपं झालं, मान्यताप्राप्त संस्थेला आता एकाच मान्यतेवर ते ठेवता येतं. पण मधल्या वर्षांत डॉक्टरांच्या आणि रुग्णांच्या दोन पिढ्या मॉर्फिन न बघताच मोठ्या झाल्या.

दिरांना फोनवर समजावण्यात अर्थ नव्हता. नर्स आणि समाजसेविका वणी रस्त्याने गावी गेल्या. त्यांनी दिरांनाच वेळ सांभाळायचं काम दिलं. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. ओरडण्याची वाट न पाहता. रक्तातली औषधाची पातळी पडू दिली की वेदना पुन्हा चढते आणि मग जास्त औषध लागतं, हे त्यांना पटलं. बागेच्या फवारणीचं वेळापत्रक ते तीस वर्षं पाळत आले होते. त्यानंतर एकही डोस चुकला नाही.

सुनेने मुलीची जुनी दोनशेपानी वही घेतली. वेळ, गोळी, दुखणं किती, शौचास झालं का, झोप किती. शेवटचा रकाना ताईंनी आणि तिने मिळून ठरवला होता. त्याला मथळा नव्हता. त्यात काही वेगळं दिसलं-ऐकू आलं तर फक्त फुली मारायची.

परिणाम

डोस दोनदा वाढवल्यावर डिसेंबरच्या मध्याला दुखणं नऊवरून चारवर आलं. ताई आडव्या होऊन झोपू लागल्या. दुपारी अंगणात बसून थिनिंगहून आलेल्या बायकांशी गप्पा मारत. पायाची आग पूर्ण गेली नाही, पण साडीचा काठ सोसू लागला.

जानेवारीच्या शेवटी वहीत फुल्या दिसू लागल्या. भिंतीवर मुंग्या चालताना दिसतात, असं ताई म्हणत होत्या. मुलगा घाबरला, आईला वेड लागलं म्हणून रडला. तेव्हा ताईंनीच, शुद्धीत असताना, त्याला जुनी गोष्ट सांगितली. तो ऐकत राहिला आणि एवढंच म्हणाला, "मला आधी का नाही सांगितलंस गं?"

हा तिसरा मोठा निर्णय होता. जुना आजार उलटला म्हणून मनाची औषधं वाढवायची, की मॉर्फिनकडे बोट दाखवायचं? वहीने उत्तर दिलं. फुल्या रात्रीच्या होत्या, त्याच दिवसांत झोप वाढली होती आणि हातापायांना झटके येतात असंही सुनेने लिहिलं होतं. भास दिसण्याचे होते, पूर्वीसारखे आवाजाचे नव्हते. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन बरंच चढलेलं. मॉर्फिनचे घटक शरीरात साठत होते. मॉर्फिन थांबवून फेंटानिलचा, कातडीवर चिकटवायचा पॅच लावला, मूत्रपिंड थकलेलं असताना तो जास्त सुरक्षित असतो. काही दिवसांत झटके गेले, मुंग्या गेल्या, दुखणं चारच्या आसपास टिकलं.

मणक्यातल्या नळीची चर्चा त्या वेळी पुन्हा झाली. ताईंनी नको म्हटलं. दवाखान्यात राहायचं नव्हतं, माल निघायला आला होता. मार्चच्या अखेरीस त्यांनी घरीच शेवटचा श्वास घेतला. शेवटच्या आठवड्यात ग्लानी होती. वहीत दुखण्याच्या रकान्यात शेवटपर्यंत तीन किंवा चार.

वेगळं काय करता येईल

सगळ्यात मोठी गोष्ट वेळेची. स्टेंट पडला तेव्हाच पायात कळा सुरू झाल्या होत्या. त्या दिवशी वेदना विभागाकडे चिठ्ठी गेली असती तर ट्रॅमाडॉल-डायक्लोफिनॅकवर काढलेले महिने वाचले असते, आणि मुलगा त्या फोन नंबरपर्यंत पोचलाही नसता. कर्करोगाचा उपचार संपल्यावर वेदनेचा उपचार सुरू करायचा, हा क्रम बदलायला हवा. दोन्ही शेजारी शेजारी चालू शकतात.

फेंटानिल पहिल्यापासून का नाही, असं सहकाऱ्यांनी विचारलं. माझं मत अजूनही मॉर्फिनच्या बाजूने आहे. पॅच महाग, त्याचा परिणाम दिसायला वेळ लागतो आणि डोस किती लागेल हेच माहीत नसताना तो लावून नऊ गुणांची वेदना भराभर उतरवता येत नाही. पण मूत्रपिंड अडचणीत असलेल्या प्रत्येक रुग्णाचं क्रिएटिनिन दर पंधरा दिवसांनी बघायचं, हे आता ठरवून टाकलं आहे. तसं झालं तर मुंग्यांच्या आधीच पॅच लागेल.

घरातला निर्णय कोण घेतं हे पहिल्याच भेटीत ओळखायला हवं. दुपारची सगळी चर्चा मुलाकडे तोंड करून झाली, गोळ्यांची किल्ली मात्र दिरांकडे होती. आता मॉर्फिनचं पहिलं पाकीट देताना कपाट कुणाचं, हा प्रश्न आम्ही विचारतो.

मनोविकाराचा प्रश्न प्रत्येक नव्या रुग्णाला, एकट्याने, नेहमीच्या प्रश्नांच्या ओघात विचारायचा, हेही ठरलं. बायकांना बाळंतपणानंतरच्या महिन्यांबद्दल वेगळं विचारायचं. "मानसिक आजार होता का" या प्रश्नाला हो म्हणणारी बाई मला क्वचित भेटली आहे. "बाळंतपणानंतर काही ऐकू यायचं का, भीती वाटायची का" याला मात्र उत्तर मिळतं.

मे महिन्यात मुलगा उरलेले पॅच परत द्यायला आला. त्याने विचारलं, "हे गोगलगायीचं गोळीतून कधी येईल?" खरं होतं ते सांगितलं. 'कोनस व्हिक्टोरियाई'चं व्हीसी १.१ हे पेप्टाइड माणसांवरच्या चाचणीपर्यंत गेलं आणि २००७ मध्ये तिथेच थांबलं. त्याच पेप्टाइडची दोन टोकं जोडून ऑस्ट्रेलियात डेव्हिड क्रेक यांच्या गटाने त्याला कड्याचा आकार दिला, तेव्हा ते तोंडावाटे दिलं तरी उंदरांच्या नसांचं दुखणं उतरवू शकलं. 'कोनस रेजियस'च्या पेप्टाइडावरही काम चालू आहे. माणसासाठीची गोळी अजून नाही. कोनसच्या शेकडो जाती आहेत, प्रत्येकीच्या विषात शंभराहून जास्त पेप्टाइडं, आणि त्यातली थोडीच आजवर नीट तपासली गेली आहेत.

त्याने ती जुनी आकृती पाकिटातून काढली आणि व्हीसी १.१ कुठल्या गेटवर बसतं ते त्यात काढून द्यायला सांगितलं.